टाकीतली अळी आणि सावद्याची केळी

नवल बोरसे यांना एखादा किडा ओळखता आला नाही, असं गेल्या चोवीस वर्षांत घडलं नव्हतं. निदान तशी नोंद कुठे नव्हती. शेती खात्यातला माणूस, कार्यक्षेत्र सावदा आणि आसपासची गावं, राहायला मात्र जळगावात. नियमाप्रमाणे त्यांनी सावद्यालाच राहायला हवं होतं, पण नियमाप्रमाणे राहणारा माणूस अजून खात्याच्या पाहण्यात आलेला नाही. शेतकऱ्याने केळीचं पान पुढे करायचं आणि ते पुरतं उलगडायच्या आत नवलभाऊंनी किडीचं नाव सांगायचं, अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती त्यांनी पगारापेक्षा जास्त जपली होती. पगार दर महिन्याला येतोच, ख्यातीचं तसं नसतं.

अशा माणसाने घरात खाऱ्या पाण्याची टाकी आणावी आणि तीत रत्नागिरीहून मागवलेला जिवंत दगड ठेवावा, हे त्यांच्या पत्नीला, सारिकावहिनींना, पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. दगड पाठवला होता त्यांच्याच सख्ख्या भावाने, कुंदनने, त्यामुळे त्यांना फार बोलताही येत नव्हतं. खऱ्या प्रवाळाचा दगड घरात बाळगणं कायद्यात बसत नाही. म्हणून कुंदन ज्या संस्थेत कामाला आहे तिथे सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा कालवून दगड करतात, वर्षभर समुद्रात बुडवून ठेवतात आणि लहानसहान जिवांनी त्यावर वस्ती केली की मग टाकीवाल्यांना देतात. असा एक दगड, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात बसून, ट्रॅव्हल्सच्या गाडीने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जळगावात उतरला.

नवलभाऊंच्या आई, ताईबाई, सोनगीरच्या. त्यांनी खोकं उघडताना पाहिलं आणि जपमाळ बाजूला ठेवली.

"दगड इकत लिना?" त्या म्हणाल्या. "सोनगीरना किल्लावर कितला पडेल शेतस."

"आई, हा जिवंत आहे."

ताईबाईंनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

एप्रिलमध्ये जळगावात समुद्र सांभाळणं ही काय चीज आहे, ते ज्याने केलं त्यालाच कळतं. पाणी सव्वीस अंशांच्या वर जाता कामा नये, असं कुंदनचं म्हणणं. बाहेर चव्वेचाळीस. घरात कूलर एक. तो चार दिवसांत बैठकीतल्या माणसांकडून फिरून टाकीकडे तोंड करून बसला. टाकीत दोन नारिंगी मासे पांढरे पट्टे मिरवत गारव्यात हिंडत आणि बोरसे कुटुंब समोर पंखे हलवत बसे. शेजारचे प्रेमराज शेठ एका डाळ मिलचे मॅनेजर. ते संध्याकाळी चहाला आले की खुर्ची उचलून टाकीच्या बाजूला ठेवत, आणि पाहुणा नेमका कोणाच्या वाट्याला आला आहे हे सारिकावहिनींना कळत नसे.

पण दगड खरोखरच जिवंत निघाला. पहिले दोन दिवस तो दगडासारखा पडून राहिला. तिसऱ्या दिवशी नवलभाऊ ऑफिसला निघताना बूट घालत होते, तर काचेवर तिळापेक्षा जरा मोठं काहीतरी पांढरं दिसलं. त्यांनी खिशातलं भिंग लावलं. तो तारामासा होता. पाच हात, त्यातला एक तुटून नव्याने फुटत असलेला, आणि चालीत कसलीही घाई नाही. नवलभाऊ एक बूट घालून अर्धा तास तिथेच उभे राहिले, आणि नोकरीत पहिल्यांदाच खरं कारण असताना खोटं कारण सांगून उशिरा पोचले.

पुढे मग रोज एक. दगडाच्या एका फटीतून पिसांचा पंखा उघडायचा आणि सावली पडली की आत ओढला जायचा. दुसऱ्या फटीतून बारीक, केसाळ हात बाहेर येऊन पाण्यात काहीतरी चाचपत राहायचे. ज्याचे हात, तो मात्र कधी दिसला नाही. काचेला चिकटून एक टोपीसारखा शंख रोज एका जागेवरून निघून रोज त्याच जागेवर परत यायचा. नवलभाऊंनी या सगळ्यांचे फोटो काढले, इंटरनेटवर शोधले, कुंदनला विचारलं, वहीत नावं लिहिली. आठ दिवसांत अकरा नावं झाली. इतका आनंद त्यांना बढतीच्या वेळी झाला नव्हता. अर्थात बढतीच्या वेळी नुसतं हुद्द्याचं नाव बदललं होतं.

बारावा जीव दिसला आणि सगळं बिनसलं.

दगडाच्या डाव्या बाजूला एक बोटभर रुंद बीळ होतं. त्यातून आधी मिशा आल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. मग जांभळट राखाडी डोकं. मग दोन्ही बाजूंना काचेच्या तारेसारखे केस असलेलं अंग, साधारण दोन पेरं, आणि तेवढ्यात बाहेर रिक्षाने भोंगा वाजवला आणि ते आत गेलं. अळी म्हणावी तर अळीला असे केस नसतात, गोम म्हणावी तर पाय नाहीत. इंटरनेटवर केसाळ जंत सापडले, पण त्यांना अशा मिशा नव्हत्या. मिशीवाले सापडले, त्यांना इतके केस नव्हते. नवलभाऊंनी तीन दिवस शोधलं. प्रत्येक वेळी ते जवळपास जुळायचं, आणि 'जवळपास' हा शब्द त्यांना आयुष्यात कधी लागला नव्हता.

तेव्हा त्यांनी जे केलं ते त्यांच्याच खात्यातला माणूस करू जाणे. कपाटातून किडींच्या साप्ताहिक पाहणीचा कोरा तक्ता काढला आणि दगडाची पाहणी सुरू केली. शेतात पाच ठिकाणं निवडून झाडं मोजतात, तशी दगडावर पाच ठिकाणं ठरवली. गाव आणि कार्यक्षेत्र तक्त्यावर आधीच शिक्क्याने उमटलेलं होतं: सावदा. पीक या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'इतर'. बाधित क्षेत्र, 'तीन चौरस फूट'. अळ्यांची संख्या, 'दृश्य एक, अदृश्य तपासात'. किडीचे नाव हा रकाना मात्र कोरा राहिला. रोज संध्याकाळी ते तक्ता पुढे ठेवून त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत बसत.

"अहो, त्यात काय एवढं," प्रेमराज शेठ म्हणाले. "तुरीतली अळी आहे ती. ओल लागली की केस फुटतात."

"शेठ, हा समुद्रातला दगड आहे. यात तूर कुठून येणार?"

"समुद्रातून तूर नाही येत? निम्मा माल जहाजाने येतो." शेठ टाकीजवळ वाकले. "दोन दिवस गच्चीवर उन्हात टाका हा दगड. काही राहिलं तर कोठारात ठेवतात ती गोळी टाकू. मी आणून देतो."

त्या दिवसापासून शेठ आले की नवलभाऊ टाकीकडे पाठ करून मध्येच बसू लागले.

ताईबाईंचा विचार वेगळा होता. त्यांना नावाशी कर्तव्य नव्हतं. घरात जीव आला आहे, पंधरा दिवस झाले, आणि त्याला कोणी जेवायला विचारलेलं नाही, ही गोष्ट त्यांना खटकत होती.

"मासासले दाना टाकस," त्या म्हणाल्या. "त्याले कोण दी? भुक्या व्हई तो."

"तो आपलं आपण शोधतो, आई."

"आपला घर येल माणूस आपलं आपण शोधस का?"

या प्रश्नाला खानदेशात उत्तर नाही. रविवारी दुपारी ऊन म्हणून पडदे ओढलेले, घरात सगळे आडवे झालेले, तेव्हा ताईबाई उठल्या आणि डब्यातली चिमूटभर तिखट शेव बिळाच्या तोंडाशी बरोब्बर टाकली. नवलभाऊंना जाग आली ती पाण्याच्या वासाने. टाकीवर तेलाचा तवंग होता. आणि बिळातून, कोणाचीही भीडभाड न ठेवता, ते पूर्ण बाहेर आलं होतं. वीतभर तरी होतं. शेवेचा एक तुकडा मिशांनी उलटसुलट करून बघत होतं.

नवलभाऊंना आईवर ओरडायचं होतं, पण आधी फोटो काढणं भाग होतं. फोटो उत्तम आला. मग त्यांनी घाईघाईने उरलेली शेव काढायला टाकीत हात घातला. ते अंग आक्रसून वळलं, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पेटल्यासारखी झाली. हात बाहेर काढला तर कातडीत बारीक पांढरे केस रुतलेले, डोळ्यांना धड दिसतही नव्हते. ताईबाईंनी कणकेचा गोळा आणला, बोटांवर दाबला आणि ओढला. असं वीस वेळा केलं. निम्मे केस निघाले, निम्मे राहिले.

"लई गुणना शे," त्या कणीक मळत म्हणाल्या. "बठ्ठं खाई गया."

सारिकावहिनींनी पुढचे दोन तास अर्ध्या टाकीचं पाणी बदललं.

सोमवारी तालुक्याच्या ऑफिसात हजेरीच्या यंत्रावर त्यांनी अंगठा ठेवला. अंगठा टोमॅटोएवढा झाला होता. यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ओळख पटली नाही. तर्जनी ठेवली, तिचीही तीच गत. डाव्या हाताचं यंत्राला काही माहीतच नव्हतं. मागे शिपायांची रांग लागली. चोवीस वर्षं ज्याने जिल्ह्यातल्या किड्यांची ओळख पटवली, त्याची स्वतःची ओळख एका प्लास्टिकच्या डबीला पटेना, ही गोष्ट त्यांनी मनाला फार लावून घेतली.

साहेब स्वभावाने मऊ होते, पण कागदाच्या बाबतीत कडक. "तुम्ही समोर उभे आहात हे मला दिसतंय, बोरसे," ते म्हणाले. "पण मला दिसून उपयोग नाही. लेखी खुलासा द्या. पुराव्यासह."

नवलभाऊंनी डाव्या हाताने खुलासा लिहिला. पुरावा म्हणून त्या जिवाचा फोटो जोडला, आणि पुरावा वजनदार व्हावा म्हणून पाहणीचा तक्ताही जोडला. माणूस कागदोपत्री बुडतो तो नेहमी जास्तीच्या कागदाने.

संगणकावर दिपमाला ताई बसत. कामाला अतिशय चोख. सोमवार हा साप्ताहिक पाहण्या भरायचा दिवस. समोर पाहणीचा तक्ता आला, वर सावद्याचा शिक्का, खाली बोरसे भाऊंची सही, सोबत अळीचा फोटो. खुलाशाचा कागद त्यांनी आस्थापनेकडे पाठवला आणि तक्ता भरायला घेतला. संगणक 'इतर' हे पीक घेईना. सावद्याला जे पीक यादीत सगळ्यात वर होतं ते त्यांनी निवडलं, म्हणजे केळी. चौरस फूट हे माप तर संगणकाने कधी ऐकलंच नव्हतं. तिथे फक्त हेक्टर होतं. त्यांनी तीन तसेच ठेवले.

गुरुवारी सकाळी नवलभाऊ भुसावळच्या पुढे चहाला थांबले असता फोन वाजला. खात्याचा तातडीचा सल्ला होता: सावदा परिसरात केळीवर अनोळखी काटेरी अळीचा प्रादुर्भाव, तीन हेक्टर बाधित, शेतकऱ्यांनी घाबरून जाऊ नये. नवलभाऊंच्या मनात पहिला विचार आला तो सहानुभूतीचा. कोणाचं हे कार्यक्षेत्र असेल, बिचारा. दुसरा विचार आला की सावदा तर आपलंच. मग त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. अळीच्या मिशांजवळ, अगदी स्पष्ट, शेवेचा तुकडा होता.

घाबरून जाऊ नये हे वाचेपर्यंत सावदा शांत होता. ते वाचल्यावर फोनला दम मिळेना. कोणाला बागेत ती अळी दिसली होती, कोणाला तिचा आवाज आला होता. एकाने शपथेवर सांगितलं की त्याच्या शेजाऱ्याच्या बागेत ती कुत्र्यामागे लागली. औषधांच्या दुकानांतून 'काटेरी अळीवर हमखास' म्हणून बाटल्या निघाल्या होत्या. घड कापणीला आलेले, आणि लोक फवारणीचे पंप धुवायला लागले होते. आणि प्रत्येक फोनचा शेवट एकच होता: भाऊ, तुमी नाव सांगा, म्हनजे आमी औषध आनतो.

नवलभाऊ थेट साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. शेवेसकट.

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "सल्ला मागे घेऊ," ते म्हणाले. "पण मागे घ्यायचा तर संगणकात किडीचं नाव भरावं लागतं. नाव भरल्याशिवाय नोंद बंद होत नाही. नाव काय?"

"माहीत नाही, साहेब."

"बोरसे, चोवीस वर्षांत तुम्ही हे वाक्य कधी बोललात का?"

"नाही."

"मग आत्ताच का सुरू करता? केसाळ अळी लिहा, साधा प्रकार. आणि उद्या सावद्याला बैठक आहे, तिथेही तेच सांगा. साधी केसाळ अळी, आपोआप गेली. लोक खूश, आपण खूश. तुमच्या शब्दावर गावं चालतात तिकडची. घरातल्या टाकीतलं काहीतरी होतं आणि तेही मला कळलं नाही, असं सांगितलंत तर उद्यापासून कोण तुम्हाला पान दाखवेल?"

हे मात्र खरं होतं. नवलभाऊ घरी येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात केसाळ अळीचं भाषण जवळजवळ तयार केलं होतं. औषधसुद्धा सुचलं होतं, अगदी सौम्य, निरुपद्रवी. तेवढ्यात कुंदनचा फोन आला. त्याने शेवेचा फोटो त्याच्या संस्थेतल्या मोठ्या सरांना दाखवला होता. आयुष्यभर हेच जंत बघितलेला माणूस.

"काय म्हणाले?"

"दाजी, त्यांना फार आनंद झालाय. जवळपास जुळतंय म्हणाले, पण मधली मिशी आखूड हवी होती, तुमच्याकडे लांब आहे. हे काय आहे ते मला माहीत नाही, असं म्हणाले आणि खुर्चीतून उठलेच. अजून फोटो मागितलेत. काय खातं, कधी येतं, सगळं लिहून ठेवा म्हणाले."

नवलभाऊ फोन ठेवून बराच वेळ टाकीसमोर बसले. एवढा विद्वान माणूस 'मला माहीत नाही' म्हणतो, आणि तेही आनंदाने, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. बिळाच्या तोंडाशी पाचातली मधली मिशी हळूच बाहेर आली. लांबच होती, खरंच. त्यांनी वहीत तसं लिहिलं.

शुक्रवारी सावद्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे माणूस होता. पहिल्या रांगेत जीवराम आबा. ऐंशीच्या घरातला माणूस, केळीत जन्म गेलेला, त्यांनी मान हलवली की मागच्या दहा रांगा मान हलवतात. साहेबांनी प्रास्ताविक केलं आणि नवलभाऊंकडे बघून घसा खाकरला, म्हणजे केसाळ अळीची आठवण करून दिली.

नवलभाऊ उभे राहिले. सुजलेला अंगठा खिशात होता.

"ती अळी केळीवर नाही," ते म्हणाले. "सावद्यात नाही. ती जळगावला माझ्या बैठकीत काचेच्या टाकीत आहे. समुद्रातल्या दगडाबरोबर आली. कागदाच्या चुकीने तुमच्या माथी लागली आणि चूक माझी आहे. कोणी एक थेंब औषध मारू नका."

हॉलमध्ये गलका झाला. मागून कोणीतरी विचारलं, "मंग हाये तरी काय ते? नाव काय?"

साहेबांनी पुन्हा घसा खाकरला.

"मला माहीत नाही," नवलभाऊ म्हणाले.

हे वाक्य म्हणताना आपण खाली कोसळू, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसती दीडशे डोकी जीवराम आबांकडे वळली. आबा सावकाश उठले.

"भाऊ," ते म्हणाले, "सात वरसं झाले. मी तुमाले काडेपेटीत एक भुंगा दाखोला होता. हिरवा, पाठीवर दोन ठिपके. तुमी म्हने खोडकिडीचा हाये, मारा औषध. मी मारलं. त्या साली माझ्या बागेत मधमाशी आली नही. तो भुंगा तव्हा बी तुमाले माहीत नव्हता ना?"

नवलभाऊंना तो भुंगा लख्ख आठवला. त्याचं नाव त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्यानंतरही त्यांनी ते कधी शोधलं नव्हतं.

"नव्हता, आबा," ते म्हणाले. मान आपोआप खाली गेली. फार लाज वाटली त्यांना.

आबांनी मान हलवली. मागच्या दहा रांगांनीही हलवली. "मले वाटलंच होतं," आबा म्हणाले. "चला मंग. दाखोता का ती अळी?"

शनिवारी दुपारी जळगावात बोरसेंच्या दारात एक जीपगाडी थांबली आणि तिच्यातून अकरा केळीवाले उतरले. सोबत केळीचे दोन घड होते, कारण मोकळ्या हाताने कोणाच्या घरी जात नाहीत. सारिकावहिनींनी मोजून पाहिलं, खुर्च्या चार होत्या. पण खुर्चीवर कोणी बसलंच नाही. सगळे टाकीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. नवलभाऊंनी पडदे ओढले. प्रेमराज शेठ गर्दी बघून आले आणि गोळीचा विषय काढणार तोच आबांनी त्यांना हाताने खाली बसवलं.

वीस मिनिटं कोणी बोललं नाही. बोरसेंच्या घरात लग्नाच्या दिवशीसुद्धा अशी शांतता झाली नव्हती. मग मिशा आल्या. मग डोकं. आणि मग त्या अकरा माणसांनी जे बघायला सुरुवात केली, ते नवलभाऊंनी तीन आठवड्यांत पाहिलं नव्हतं.

"डाव्या अंगाची मिशी आधी टेकोते," एक जण हळूच म्हणाला.

"शंखाच्या चुऱ्याचा बांध घातला पाहा दारात. पानी आत जाऊ नये म्हनून."

"पानी नही रे, पान्यातच तं रायते. कोनी आत येऊ नये म्हनून."

"मासा जवळ आला तं भेत नही. सावली आली का भेते. म्हनजे वरून खानारा कोनी असीन तिच्या गावाले."

नवलभाऊ वही काढून भराभर लिहीत होते. बांधाचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, बांध रोज नवा घालत असेल का? कोणालाच माहीत नव्हतं. त्यावर दहा मिनिटं वाद झाला. ताईबाईंनी सगळ्यांना शेवभाजी आणि भाकरी वाढली, आणि त्यांचा टाकीकडे वळणारा हात सारिकावहिनींनी वेळेवर धरला.

निघताना आबा दारात चप्पल घालत थांबले. बाकीचे जीपगाडीत चढले होते.

"भाऊ, एक सांगू का? राग नका मानू."

"सांगा, आबा."

"या एका अळीपुढे तुमी तीन हप्ते बसले. आमच्या बांधावर तुमी चोवीस वरसं येऊन रायले, पन गाडीवरून कधी उतरले नही."

चोवीस वर्षांचा हिशेब नवलभाऊंनी असा कधी केला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला जवळ वहीशिवाय काही नव्हतं.

"तो हिरवा भुंगा यंदा पुन्हा आला हाये," आबा म्हणाले. "मी मारला नही. परवा या सावद्याले. नाव नका आनू. येळ घिऊन या."

सोमवारी संध्याकाळी चार वाजता सारिकावहिनींनी फोन केला तेव्हा नवलभाऊ आबांच्या बागेत ओल्या मातीवर पालथे पडले होते, आणि त्यांच्या शेजारी आबाही पालथे पडले होते. गाडी बांधाबाहेर उभी होती. साहेबांचे चार फोन येऊन गेले होते. किडीच्या नावाचा रकाना अजून कोराच होता आणि संगणक त्यावर अडून बसला होता.

"अहो, ते पूर्ण बाहेर आलंय," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. "दाराचा बांध मोडतंय आणि नवा घालतंय. मी पडदे ओढलेत. कूलरही बंद केलाय, आवाजाने जाईल म्हणून. काय करू?"

"बघत बस," नवलभाऊ भुंग्यावरची नजर न काढता म्हणाले. "मी पण तेच करतोय."